आजीची आंबवणी

घरी कातडं कमावणारा माणूस सगळ्यात जास्त धास्तावतो तो आंबवणीला. मीठ आणि आंबट घातलेल्या पाण्यात कातडं काही दिवस ठेवायचं आणि मग तुरटी किंवा साल लावायची, एवढंच ते काम. पण केस गळाले, कातडं फुगून बुळबुळीत झालं, वास सुटला, की सगळा दोष आंबवणीच्या माथी येतो. माझी आजी असा दोष कधी देत नसे. कुणी बिघडलेलं कातडं दाखवायला आणलं, तर तिचे प्रश्न ठरलेले असायचे: बकरं कापलं कधी, सोललं कधी, आणि मीठ लागलं कधी? टाकीतल्या पाण्याची चौकशी सगळ्यात शेवटी. अर्धं आयुष्य विज्ञान शिकवल्यावर मी आज सांगते, तिचा क्रम बरोबर होता. त्या क्रमामागे या धंद्याचा मोठा इतिहास आहे आणि तो फारसा कुणी लिहिला नाही.

माझं घर मावल्याचं. आदिलाबाद सोडून निर्मलच्या वाटेला लागलं की शहराला चिकटूनच आमचं गाव आणि गावाचं तळं. आजोबा मूळचे किनवटचे. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, सगळाच मुलूख निजामाचा, त्यामुळे पोटासाठी इकडे येणं म्हणजे परक्या राज्यात जाणं नव्हतं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. आता तेलंगणात आहोत. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात दखनी, अशी इथली रीत. आमचा समाज कक्कय्यांचा. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांच्या शरणांमध्ये जे ढोर कक्कय्या होते, त्यांचं नाव आम्ही अभिमानाने घेतो. कातडं कमावणं हे आमचं पिढ्यांचं काम.

घरात या कामाच्या दोन वाटा होत्या. मोठं कातडं पुरुषांचं, लहान पुरुष-बाया दोघांचं, आणि त्यातली आंबवणी फक्त बायांची.

मोठं कातडं म्हणजे बैलाचं, म्हशीचं. ते मोटेसाठी, बांधायच्या पट्ट्यांसाठी, जोड्याच्या तळासाठी. चुन्याच्या कुंडात ते दिवसचे दिवस पडून राही, केस सुटले की खरडून काढत, आतल्या बाजूचं मांस रापीने तासत, आणि मग चुना निघेपर्यंत धुणं, तुडवणं, पिळणं. पुढे साल. आमच्याकडे तरवडाची साल मुख्य, जाड कातड्याला बाभळीची, जोडीला हिरडा. शेवटी कातडं पिशवीसारखं शिवून झाडाला टांगत आणि आत सालीचं पाणी भरत. ते झिरपून खालच्या मडक्यात पडे, परत वर ओतत, आणि अर्ध्या वाटेवर पिशवी उलटी करून दुसऱ्या तोंडाने भरत. महाराष्ट्रात कोल्हापुरी चपलेचं कातडं पिढ्यान्‌पिढ्या सालीवर आणि हिरड्यावरच कमावलं गेलं. 2019 साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. त्या बातम्यांत शिलाई आणि वेणी यांवर रकानेच्या रकाने आले. कमावणाऱ्याच्या वाट्याला मात्र ओळ-दोन ओळीच आल्या.

तरवडाबद्दल इथे थोडं थांबते. तेलुगूत त्याला तंगेडू म्हणतात. तेलंगण राज्य झाल्यावर तेच राज्याचं फूल ठरलं. बतुकम्मा, म्हणजे सणातला फुलांचा मनोरा, रचताना पिवळ्या तंगेडूशिवाय थर पुरा होत नाही. त्याच झुडपाची साल मद्रासकडच्या चर्मालयांतून एके काळी लाखो कातड्यांना लागली आणि ती कातडी बोटीत बसून लंडनच्या बाजारात पोचली. फूल देवाला वाहिलं, साल आमच्या कुंडात गेली. एकाच झुडपाच्या या दोन कामांना गावाने किती वेगळी जागा दिली, हे मला लहानपणी कळत नव्हतं. कळायला लागलं तेव्हा फार लागलं.

सालीच्या या वाटेवर आंबट पाण्याची वेगळी पायरी नाव घेऊन येत नाही, पण आंबट असतंच. वापरून जुनं झालेलं सालीचं पाणी आंबतं. नवं कातडं आधी त्या जुन्या, फिक्या पाण्यात टाकायचं आणि मग चढत्या क्रमाने ताज्या, कडक पाण्यात. जुन्या पाण्यातलं आंबट उरलासुरला चुना मारून टाकतं आणि कातड्याला साल आत घ्यायला तयार करतं. एकदम कडक पाण्यात टाकलेलं कातडं वरून करपल्यासारखं बंद होतं आणि आत कच्चं राहतं. आजोबांना आम्ल हा शब्द ठाऊक नव्हता. जुनं पाणी त्यांनी कधी फेकू दिलं नाही, एवढं मात्र खरं.

आता आंबवणी. ती लागायची केस ठेवून कमावायच्या कातड्याला. आमच्या जिल्ह्यात अशा कातड्याला एक मोठं गिऱ्हाईक होतं आणि आहे: दंडारी. दिवाळीच्या दिवसांत राजगोंडांच्या गुड्यांतून, म्हणजे पाड्यांतून, दंडारीचे गुसाडी नाचायला निघतात. डोक्यावर मोरपिसांचा भरगच्च मुकुट, त्याला शिंगं, अंगाला राख आणि खांद्यावरून बकऱ्याचं केसाळ कातडं. मार्लावाईच्या कनक राजूंना 2021 साली याच नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. सोबतच्या वाद्यांना कमावलेलं कातडं चालत नाही. ते कच्चंच ताणून वाळवावं लागतं, तरच आवाज येतो. पण खांद्यावरचं कातडं मऊ हवं, त्याचे केस टिकायला हवेत, आणि घामात भिजून पुन्हा वाळलं तरी ते लाकडासारखं होता कामा नये. चुना लावला तर केसच जातील. म्हणून मीठ, आंबवणी आणि तुरटी.

आजी ज्वारीचा भरडा आणि कोंडा कोमट पाण्यात कालवून मातीच्या रांजणात ठेवायची. तोंडाला फडकं. दोन-तीन दिवसांत बुडबुडे यायला लागत आणि ताकासारखा वास सुटे. मग सढळ हाताने मीठ. मीठ पुरेसं झालं का, हे ती जिभेवर ठरवायची. तोंड वेडंवाकडं होईल इतकं खारट हवं. त्यात मऊ केलेलं कातडं केसांची बाजू आत दुमडून बुडवायचं, आणि फुगे धरून वर आलं की पुन्हा दाबायचं, उलटायचं. उचलायची वेळ झाली की नाही, याची परीक्षा मानेजवळ, कारण तिथे कातडं सगळ्यात जाड. चौघडी घालून चिमटीत घट्ट दाबायचं आणि उलगडायचं. घडीवर पांढरी रेघ उमटून राहिली तर झालं. रेघ नाही उमटली तर अजून एक दिवस, आणि केसांचा एखादा पुंजका बोटाला सुटून आला तर लगेच बाहेर.

हेच काम युरोपातही चालत होतं. लाइपझिगचे केसाळ कातडं कमावणारे भरड्या पिठाची आणि मिठाची आंबवणी वापरत. नॉटिंगहॅमच्या जोसेफ टर्नी वुड यांनी चर्मालयातल्या कोंड्याच्या आंबवणीतले जंतू वेगळे काढून अभ्यासले, त्यातून किती आम्ल आणि किती वायू निघतो ते मोजलं, आणि 1912 साली त्यावर अख्खं पुस्तक काढलं. त्याच पुस्तकात कातडं नरम करण्यासाठी तिकडे सर्रास वापरली जाणारी कुत्र्याची आणि कबुतराची विष्ठा हाही सविस्तर विषय आहे. 1907 साली ऑटो रोम आणि ऑटो हास या दोघांनी जर्मनीत कंपनी काढली ती या विष्ठेऐवजी प्राण्यांच्या स्वादुपिंडातलं पाचकद्रव्य चर्मालयांना विकण्यासाठी. पुढे तिची जगभर पसरलेली रसायन कंपनी झाली. मी हे मुद्दाम लिहिते. आमच्या घरावरून जाताना नाकाला पदर लावणाऱ्यांनी या कामाला घाण म्हटलं. तेच काम दुसरीकडे विद्यापीठात गेलं, त्याचं शास्त्र झालं आणि त्यावर कारखाने उभे राहिले. आजीच्या रांजणात आणि वुड यांच्या रांजणात जंतू एकाच जातकुळीचे होते. कागद आणि पेन मात्र एकाच बाजूला होतं.

आंबवणीत मीठ का लागतं, हे कोडंही तिकडेच सुटलं. आम्लाच्या पाण्यात कातड्यातल्या तंतूंवर विद्युतभार येतो आणि ते पाणी ओढून घेतात. मीठ नसेल तर कातडं फुगतं, पारदर्शक होतं आणि ऊब मिळाली तर सरसासारखं विरघळायला लागतं. बाहेरच्या पाण्यात मीठ भरपूर असलं की ही ओढ मरते. लीड्सचे हेन्री प्रॉक्टर आणि त्यांचे शिष्य जॉन आर्थर विल्सन यांनी 1916 साली हे गणितात मांडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून न्यूझीलंडची मेंढ्यांची कातडी मीठ आणि गंधकाम्ल यांच्या पाण्यात मुरवून पिंपांतून इंग्लंडला जात होती. काम आधी, कारण नंतर, हा क्रम तिकडेही तोच.

मग क्रोम आलं. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांचं 1884 चं पेटंट, मार्टिन डेनिस यांची 1893 मधली सोपी कृती, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांचे प्रयोग. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे क्रोमला दिवस पुरू लागला. पण क्रोम आत शिरायला कातडं आधी चांगलं आंबट असावं लागतं, नाहीतर वरच जाऊन बसतं. म्हणून मीठ-आम्लाची पायरी कारखान्यात कायमची आली. 1948 साली मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली तेव्हा हा धंदा गावातून कारखान्याकडे निघालाच होता. आमच्याकडे त्याच सुमारास विहिरीवर तेलाचं इंजिन आलं, मागून वीज आली, आणि मोट गेली. मोट गेली तशी मोठ्या कातड्याची मागणी गेली.

हा धंदा टिकवावा की सोडावा, हा वाद आमच्या घरात जेवताना व्हायचा. आजोबांच्या बाजूला वर्धा होतं. 1934 साली गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये गावच्या चर्मोद्योगावर लिहिलं. वर्षाला 9 कोटी रुपयांचं कच्चं कातडं बाहेर जातं आणि त्यातलं बरंच तयार माल होऊन परत येतं, हा त्यांचा हिशोब होता. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांच्या सहवासात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. तिथे आपोआप मेलेल्या जनावराचंच कातडं घेत, आणि ब्राह्मण घरातला माणूस हातात रापी घेऊन उभा राहतो, याचं आजोबांना फार अप्रूप होतं. माझ्या वडिलांच्या बाजूला बाबासाहेब होते. 1927 साली महाडच्या परिषदेत मेलेली जनावरं ओढणं सोडा असं सांगितलं गेलं, आणि ते आवाहन महारवाड्यापुरतं राहिलं नाही. वडील म्हणायचे, वाळुंजकरांनी रापी उद्या खाली ठेवली तर त्यांना कुणी अडवणार नाही. आपल्याला ती खाली ठेवायला जन्म लागला. त्यांनी ती ठेवली, मला शाळेत घातलं, आणि म्हणून मी हे लिहू शकते. माझ्या मते वडील बरोबर होते. आजोबांचं ज्ञान बुडालं त्याचा दोष धंदा सोडणाऱ्यांवर नाही. ज्या गावाला जोडा हवा होता पण जोड्यामागचा माणूस नको होता, त्या गावावर तो आहे.

एक गोष्ट मात्र त्या वादात दोघांनीही धरली नाही. आंबवणी बायांची होती. नालवाडीची चर्चा झाली ती कुंडं, साल आणि चुना यांची. गॅझेटियरवाल्यांनी आणि मध्यप्रांताच्या जातींवर लिहिणाऱ्या रसेल-हिरालाल यांनी विचारलं तेही पुरुषांनाच. कोंडा, भरडा, मीठ, रांजण हे सगळं चुलीच्या बाजूचं, म्हणून ते धंद्यात धरलंच गेलं नाही. आजीचं काम घरकामात मोजलं गेलं.

गेल्या दिवाळीआधी उटनूरकडचा एक तरुण प्लास्टिकचा ड्रम घेऊन आला. सायट्रिक आम्ल, मीठ, पीएचच्या पट्ट्या, सगळं दुकानातून आणलेलं. मोबाइलवर बघून केलं होतं आणि कातडं फुगलं होतं, मागच्या पायांजवळ केस सुटत होते. “मॅडम, आम्ल जास्त झालं का?” असं त्याने विचारलं. पट्टी लावली तर पीएच साडेतीनच्या वर. म्हणजे आम्ल जास्त नव्हतं, कमी होतं. कातडं स्वतः आम्ल पिऊन घेतं, त्यामुळे पहिल्या दिवशी दोनवर असलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वर चढतं. रोज मोजायचं, वर गेलं तर कातडं बाहेर काढून, आम्ल वेगळ्या पाण्यात विरघळवून मग ड्रममध्ये ढवळायचं. मीठही त्याने अंदाजाने घातलं होतं. मी त्याला लिटरला शंभर ग्रॅम सांगते, आणि आम्लाच्या आधी. आम्ल आधी पडलं तर मीठ विरघळेपर्यंत फुगायला वेळ मिळून जातो. फुगलेलं कातडं दिसताच मीठ वाढवायचं. ते चपटं होतं, पण फाटलेली वीण परत सांधत नाही.

केसांचं दुखणं वेगळं होतं. मी आजीचे प्रश्न विचारले. बकरं दुपारी कापलेलं, कातडं घडी करून गोणीत, मीठ लागलं रात्री. आमच्याकडचं दुपारचं ऊन कातड्याला काय करतं ते वेगळं सांगायला नको. केसांच्या मुळाशी सडण्याची सुरुवात गोणीतच झाली होती. आंबवणीने ती दाखवली, एवढंच. मागच्या पायांचा भाग कापून टाकायला सांगितला, बाकीचं वाचलं.

आजीच्या प्रश्नांचा क्रम का बरोबर होता, ते मला शाळेत पट्ट्या वापरायला लागल्यावर उमगलं. कोंड्याच्या आंबवणीतलं आम्ल सौम्य. ते पीएच दोनपर्यंत कधीच उतरत नाही, चारच्या आसपास घुटमळतं, आणि तिथे सडवणारे जंतू पुरते मरत नाहीत. म्हणजे तिच्या रांजणात चूक सावरण्याची ताकदच नव्हती. सगळी राखण आधीच करावी लागे: सोलताच थंड करणं, तासाभरात मीठ चोळणं, मानेचं जाड मांस तासून पातळ करणं, थंडीच्या दिवसांतच हे काम काढणं. दुकानातलं कडक आम्ल जंतूंना थोपवतं खरं, म्हणून नव्या माणसाला वाटतं की ते मागचंही सावरेल. ते पुढचं थांबवतं, झालेलं नाही. कडक आम्लाला दुसरी जोखीमही आहे. तीन-चार दिवसांत काम होतं; विसरून उकाड्यात महिने ठेवलं तर आम्लच तंतू खायला लागतं, आणि कमावलेलं कातडं कागदासारखं फाटतं. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं, पीएच चार-पाचवर आणून, मग तुरटी. ही पायरी गाळली तर तुरटी धरत नाही आणि पहिल्या घामाला कातडं कडक होतं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. लोखंड नको, कारण आम्ल ते खातं आणि पुढे साल लावायची असेल तर काळे डाग पडतात.

त्या तरुणाने शेवटी विचारलं, हे पाणी ओतू कुठे? हा प्रश्न आजीला पडला नव्हता. तिचा कोंडा उकिरड्यावर जायचा आणि खारं पाणी थोडंच असायचं. कारखान्यांचं तसं नाही. तमिळनाडूत पालार नदीच्या काठी चर्मालयांच्या पाण्याने विहिरी आणि शेतं नासली, आणि 1996 साली वेल्लोरच्या नागरिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्याकडूनच भरपाई घ्यायचा निकाल दिला. तिथल्या खारेपणात कातडं टिकवायच्या मिठाबरोबर या आंबवणीच्या मिठाचाही वाटा आहे. चुना घालून आम्ल मारता येतं. मीठ मारता येत नाही. म्हणून मी त्याला सांगितलं: आधी चुना घालून पट्टी सातवर आण, मग उथळ घमेल्यात उन्हाला ठेव, आणि उरलेलं मीठ पुढच्या कातड्यावर पहिल्या तासात चोळायला ठेवू नकोस, त्यात जंतू आणि घाण असते, तिथे ताजंच हवं. ते घाण मीठ वेगळ्या पोत्यात भर. आणि मावल्याच्या तळ्याकडे उतरणाऱ्या कुठल्याही नालीत यातला थेंब जाऊ देऊ नकोस.